खानावळीतला फळा

शाळेतल्या फळ्यावर रोज नवे काही लिहिले जाते आणि रोज ते पुसलेही जाते. त्यातले आपल्या मनात किती उरते, हे परीक्षेच्या दिवशी कळते. मला मात्र माझ्या आयुष्यातला एक महत्त्वाचा धडा शाळेबाहेरच्या एका फळ्याने शिकविला. तो फळा मांडवीच्या काठी, पणजीपासून फार दूर नसलेल्या एका लहानशा खानावळीच्या दाराशी टांगलेला असतो.

खानावळ कसली, घराची पुढची पडवीच ती. चार बाके, चार मेजे, भिंतीवर देवाची तसबीर आणि आत चुलीपाशी खानावळवाल्या भाऊंच्या पत्नी. त्यांना सारा गाव ‘वहिनी’ म्हणतो. येथे छापील यादी नाही. सकाळी भाऊ जेटीवरून किंवा मानशीवरून परतले की त्यांची मुलगी खडू घेते आणि त्या दिवशी जे मिळाले असेल ते सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहिते. जे मिळाले नाही, त्याचा उल्लेखही नसतो. येणारा फळा वाचतो आणि निमूटपणे बाकावर बसतो.

लहानपणापासून बाबांचे बोट धरून मी तेथे जात आलो आहे, त्यामुळे वर्षाचे ऋतू मला त्या फळ्यावरून ओळखता येतात. ऑगस्ट उजाडून ट्रॉलर समुद्रात गेले की पहिल्यांदा सुंगटे येतात. पुढे पाऊस ओसरला की बांगडे आणि तारले यांचे दिवस येतात. तेव्हा फळ्यावर ‘बांगड्याचे हुमण’, ‘बांगड्याची उडदामेथी’ अशी नावे दिसतात आणि तिरफळाचा वास रस्त्यापर्यंत येतो. थंडीत इसवण आणि मोडसो, उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी वेचून आणलेल्या तिसऱ्या आणि शिनाणे. श्रावणातल्या सोमवारी फळ्यावर ‘आज मासळी नाही’ एवढे लिहून खाली अळूची किंवा फागलांची भाजी असते, आणि दैव चांगले असेल तर रानातल्या अळम्यांचे तोणाक.

ही सारी हकीकत सांगण्याचे कारण माझे धाकटे काका. ते बोटीवर नोकरीस आहेत. त्यांची रजा पूर्वी नेहमी डिसेंबरात असे. त्यामुळे त्यांच्या मनातली ही खानावळ म्हणजे डिसेंबरातली खानावळ : ताटाबाहेर डोकावणारी इसवणाची तुकडी, ताजा बांगडा, आणि रात्री काठावर गार वारा. आमची आजी २०२१ च्या जूनमध्ये वारली, तेव्हा काकांची बोट भर समुद्रात होती. त्यांना वार्ता कळली, परंतु येता आले नाही. पुढच्या डिसेंबरात ते आले, चार दिवस घरात वावरले, आजीच्या खोलीत मात्र गेले नाहीत. त्याविषयी आमच्या घरात कोणी बोलत नसे.

२०२३ साली काही कारणाने त्यांना जुलैमध्ये तीन आठवड्यांची रजा मिळाली. कित्येक वर्षांनी ते पावसाळ्यात घरी येत होते. आल्याआल्याच त्यांनी सांगितले, “मला दुसरे काही नको. ताज्या बांगड्याचे हुमण आणि उकड्या तांदळाचा भात एवढे मिळाले की पुरे.”

बाबा हसले आणि म्हणाले, “जुलैत बांगडा?” परंतु काकांनी ते मनावर घेतले नाही.

पहिल्या दिवशी ते आम्हांला हमरस्त्यावरच्या एका झगमगीत हॉटेलात घेऊन गेले. तेथील जाड यादीत बाराही महिन्यांची मासळी एकत्र नांदत होती. काकांनी बांगडा मागविला. बांगडा आला, दिसायलाही सुरेख होता. परंतु पहिल्या घासालाच काकांचे तोंड उतरले. बर्फात दीर्घकाळ राहिलेल्या मासळीचे मांस भुसभुशीत होते आणि तिला समुद्राची चव राहत नाही. हॉटेलचे देणे देऊन आम्ही मुकाट्याने बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, धो धो पावसात, आम्ही भाऊंच्या खानावळीत गेलो. फळ्यावर तीनच ओळी होत्या : ‘काळुंदर तळलेले. शेवट्यांचे हुमण. सुक्या सुंगटांची किसमूर.’

काकांनी फळा वाचला आणि विचारले, “भाऊ, बांगडा नाही?”

“ना म्हणजे ना, बाब. समुद्र बंद आहे.”

“काल रस्त्यावरच्या हॉटेलात मिळत होता.”

“मिळत असेल.”

काका चिडले. प्रवासाचा शीण असेल, आदल्या दिवसाची निराशा असेल, किंवा आणखी काही आत साचलेले असेल. ते मोठ्या आवाजात म्हणाले, “इतक्या दूरवरून माणूस घरी येतो, आणि गोव्यातल्या खानावळीत त्याला साधा बांगडा मिळू नये? मग दार उघडे तरी कशाला ठेवता? मी दुप्पट पैसे देतो, कोठून तरी आणा.”

शेजारच्या मेजावरच्या लोकांचे हात थांबले. मला लाजेने मान वर करवेना. बाबा काही बोलणार, तोच भाऊंनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला आणि शांतपणे सांगितले, “बाब, आणायचा म्हटला तर आजही आणता येईल. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिलला सुरू होते आणि १४ जूनला संपते. आपली १ जूनला सुरू होते ती ३१ जुलैपर्यंत. म्हणजे आपला समुद्र बंद असतो तेव्हा त्यांचा उघडा असतो, आणि तिकडची मासळी बर्फात घालून ट्रकांतून इकडे येते. मी ती घेत नाही. ती वाईटच असते असे मी म्हणत नाही; पण ती कधी पकडली, कशात ठेवली, हे मला ठाऊक नसते. जे मला ठाऊक नाही ते मी तुमच्या ताटात कसे वाढू?”

२०१८ च्या जुलैमध्ये परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या शंकेने गोव्यात केवढी खळबळ उडाली होती, आणि त्या मासळीच्या आयातीवर काही काळ बंदीही आली होती, हे बाबांनी मला पुढे सांगितले. भाऊंनी त्या वेळी त्याचा उच्चारही केला नाही. त्यांनी एवढेच म्हटले, “बसा. आहे ते जेवा. नाही आवडले तर पैसे देऊ नका.”

आम्ही बसलो. काका खिडकीतून पावसाकडे पाहत होते.

ताटे आली. उकड्या तांदळाचा वाफाळता भात, आंबटसर हुमण, रव्यात घोळवून तळलेले काळुंदर, वाटीत सोलकढी आणि एका कडेला किसमूर. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : सुकी सुंगटे कुरकुरीत भाजून घ्यायची, त्यांत ओले खोबरे, कांदा, तिखट आणि आंबटपणासाठी सोल किंवा चिंच घालून ती हाताने कालवायची, हीच किसमूर. उन्हाळ्यात मासळी मुबलक असताना ती मीठ लावून वाळवायची आणि पावसाळ्यासाठी डब्यात भरून ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मिरच्या, चिंच, सोले, खारी मासळी अशा या बेगमीला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. बेगमी मात्र त्याच्याही आधीपासूनची असली पाहिजे, कारण पाऊस काही पोर्तुगीजांबरोबर आला नाही.

काकांनी किसमुरीचा एक घास घेतला आणि त्यांचा हात ताटातच थांबला. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी सारी किसमूर भाताबरोबर खाल्ली, आणखी मागितली, आणि तीही संपविली. काळुंदराला त्यांनी अखेरीसच हात लावला.

हात धुऊन ते चुलीच्या दाराशी गेले. “वहिनी, किसमुरीत कांदा चुरडून घातला होता काय?”

“होय. चिरलेला तसाच घातला तर रस सुटत नाही.”

“आमची आई तसाच चुरडून घालीत असे,” काका म्हणाले. पुढे त्यांना बोलवेना. वहिनींनी काही विचारले नाही. त्यांनी फक्त एका केळीच्या पानात उरलेली किसमूर बांधली आणि ती काकांच्या हातात ठेवली.

काकांनी भाऊंना हात जोडले. “मघाशी मी बोललो ते विसरा.”

“पावसात माणसाचे डोके तापतेच,” भाऊ म्हणाले, आणि त्यांनी पैसे मोजून घेतले. एक रुपयाही त्यांनी कमी केला नाही आणि जास्तही घेतला नाही. मला तेही आवडले.

परतताना काका प्रथमच आजीविषयी बोलले. पावसाळ्यात कोणी ताजी मासळी मागितली तर आजी म्हणत असे, “समुद्र बाळंत आहे, त्याला त्रास देऊ नये.” लहानपणी काकांना ती गोष्ट खरी वाटे, मोठेपणी तिचे हसू येऊ लागले. “आणि आज त्याच समुद्रावर नोकरी करणारा मी त्या बिचाऱ्याशी भांडलो,” ते म्हणाले.

आजीचे बोलणे अगदीच भाबडे नव्हते, हे मला विज्ञानाच्या पुस्तकांतून कळले. आपल्या किनाऱ्यावरची पुष्कळशी मासळी याच काळात अंडी घालते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खोल समुद्रातले थंड आणि पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म प्लवक वाढतात, आणि तेच बांगड्या-तारल्यांच्या पिलांचे अन्न असते. अशा वेळी यांत्रिक बोटींची जाळी फिरू लागली तर पुढच्या वर्षाचे बीजच उचलले जाईल. म्हणून या ६१ दिवसांच्या बंदीत यांत्रिक बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. खाडीतली आणि मानशीवरची पारंपरिक मासेमारी मात्र चालू असते. समुद्राचे भरतीचे पाणी रोखून तयार केलेली आपली खाजने आणि त्यांची दारे म्हणजेच मानशी. ओहोटीला तेथे जाळे लावले की काळुंदर, शेवटे आणि सुंगटे सापडतात. भाऊंच्या फळ्यावरच्या त्या तीन ओळींमागे एवढे शास्त्र आणि एवढा इतिहास होता.

हे नियमही कोणी आपण होऊन दिलेले नाहीत. ट्रॉलर किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडू लागले तेव्हा गोव्यातल्या रांपणकारांनी १९७० नंतरच्या दशकात मोठा लढा दिला. त्याचे एक पुढारी माथानी साल्ढाणा हे व्यवसायाने शिक्षक होते. पुढे १९८० साली गोव्यात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. तरीही काळजी संपलेली नाही. प्रखर दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून ती पकडण्यास केंद्र सरकारने २०१७ साली मनाई केली. पण त्यानंतरही अशा मासेमारीच्या तक्रारी किनाऱ्यावरून येतच राहिल्या. आपल्याला बाराही महिने सारे काही हवे असते, आणि ते पुरविणारे कोणीतरी नेहमीच भेटते.

त्या दिवशी घरी पोचल्यावर काका केळीच्या पानाची पुडी हातात घेऊन सरळ आजीच्या खोलीत गेले. दोन वर्षे बंद असलेली खिडकी त्यांनी उघडली. संध्याकाळी ती पुडी आम्ही सर्वांनी मिळून सोडली, आणि आमच्या घरात आजीच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. आई म्हणाली, “तुमच्या आईंनी मला किसमूर शिकविली होती, पण त्या गेल्यावर ती करण्याचा मला धीर झाला नाही.” काकांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून सुकी सुंगटे आणली, आणि त्या रजेत आईने ती तीनदा केली.

नोव्हेंबरात मी आणि बाबा भाऊंच्या खानावळीत गेलो, तेव्हा फळ्याची पहिलीच ओळ होती : ‘बांगड्याचे हुमण.’ मला वाटले, काकांना हे कळवावे. रात्री त्यांच्याशी फोनवर बोलताना मी म्हटले, “काका, बांगडा आला आहे. डिसेंबरात येता ना?”

थोडा वेळ फोनवर लाटांसारखा आवाज येत राहिला. मग काका म्हणाले, “नाही रे. पुढच्या वर्षीही मी जुलैतलीच रजा मागितली आहे.”

“पण जुलैत फळ्यावर काहीच नसते.”

“असते,” ते म्हणाले. “माझ्या आईच्या घरचे असते तेवढे असते.”

२०२४ च्या जुलैमध्ये ते आले. पावसात भिजत आम्ही खानावळीपाशी पोचलो. या खेपेस काकांनी भाऊंना काही विचारले नाही. चष्मा पुसला, फळ्यावरच्या ओळी सावकाश वाचल्या आणि ते बाकावर जाऊन बसले.