दोन दिवसांत चिखलदरा-मेळघाट
गुरेढोरे शेजाऱ्यावर सोपवून महागावकडच्या मंडळींना दोनच दिवस मिळतात. तेवढ्यात सारे मेळघाट पाहू म्हणू नये. अमरावती-परतवाडा मार्गे पहिल्या दुपारी चिखलदरा गाठावे. कीचकाला मारून भीमाने भीमकुंडात हात धुतले, अशी कथा आहे. मग गाविलगड. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी तो भोसल्यांकडून जिंकला. तटावरून दरी बघताना लेकरांचा हात सोडू नका. आपल्याकडे कपाशी, इथे चक्क कॉफी!

दुसऱ्या पहाटे सेमाडोहचे रान. १९७३ च्या व्याघ्रप्रकल्पातील पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. वाघ दिसेलच असे नाही. रानगवा, सांबर दिसले तरी खेप फुकट गेली नाही. पावसाळ्यात आतले रान बहुधा बंद असते, म्हणून कपाशीची वेचणी उरकून निघावे. थंडी बोचरी असते, घोंगडे बरोबर घ्या.