तारेची दोन टोके

घरगुती संगणक हे मुळात एकट्याचे यंत्र. एक खुर्ची, एक कळफलक, एक पडदा. त्याच्यासमोर दुसऱ्या कुणाला खेळायला बसवायचे तर शेजारी स्टूल ओढून घ्यावे लागे. आणि पडदा एकच असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा सगळा डाव डोळ्यांसमोर उघडा पडे. पत्ते पालथे न धरता पत्ते खेळावेत, तसे ते होई. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिका-युरोपातील पोरांनी यावर काढलेला उपाय साधा होता: दोन यंत्रे, दोन पडदे आणि मध्ये एक तार.

या तारेचे नाव ‘नल मोडेम’. नावातच शून्य आहे, आणि ते उगाच नाही. संगणकाच्या पाठीमागचे सीरियल पोर्ट ज्या आरएस-२३२ मानकावर बेतलेले असे, ते अमेरिकेत १९६० साली ठरले. त्याची धारणा अशी की, एका टोकाला यंत्र असेल आणि दुसऱ्या टोकाला टेलिफोनच्या वाहिनीशी बोलणारा मोडेम. दोन संगणक सरळ तारेने जोडले तर दोघेही एकाच पिनेवर बोलतात आणि एकाच पिनेवर कान देऊन बसतात; कुणाचे काही कुणाला पोचत नाही. म्हणून नऊ पिनांच्या खोबणीतली दुसरी आणि तिसरी तार मध्येच फुलीसारखी उलटवायची, पाचवी तेवढी सरळ ठेवायची. एकाचे बोलणे ते दुसऱ्याचे ऐकणे होते. मोडेम नावाचा दुभाषी काढून टाकला आणि त्याची जागा एका फुलीने भरून काढली, इतकाच हा शोध. हाताशी सोल्डरिंगचे सामान असलेला मुलगा अशी तार घरी बनवू शके. मानकाने तिची लांबी ५० फुटांपर्यंत गृहीत धरली होती. म्हणजे या खोलीतून त्या खोलीत, फार तर जिन्यावरून खाली.

खेळही तसे निघाले. १९८९चे ‘पॉप्युलस’ आणि ‘स्टंट कार रेसर’ हे अमिगा आणि अटारी एसटी या यंत्रांवर तारेने दोघांत खेळता येत. त्याआधी १९८७ साली आलेल्या ‘मिडी मेझ’ने तर वाद्ये जोडण्यासाठी असलेल्या मिडी पोर्टांतून सोळा अटारी यंत्रांचे कडे करण्याची सोय केली. त्या चक्रव्यूहात हसरे गोल चेहरे एकमेकांवर गोळ्या झाडत फिरत. कड्यातले एक यंत्र बंद पडले की सगळ्यांचाच खेळ थांबे.

परंतु या तारेला खरी कीर्ती मिळाली ती १० डिसेंबर १९९३ रोजी टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरने प्रसिद्ध केलेल्या ‘डूम’मुळे. हा खेळ रक्तबंबाळ आहे. त्याची कथा नावापुरती आणि अभिरुची भडक. ते मान्य करूनही त्याच्या अंतर्रचनेत जे आहे त्याचे मोल कमी होत नाही. त्या अरुंद तारेतून चित्रे जात नाहीत, राक्षसही जात नाहीत. सेकंदाला पस्तीस वेळा जाते ती एवढीच बातमी: पलीकडच्याने पाऊल पुढे टाकले, डावीकडे वळला, चाप ओढला. तेवढ्यावरून दोन्ही यंत्रे ते सबंध जग स्वतंत्रपणे, पण तंतोतंत सारखे, रचत राहतात. यदृच्छेचीही सोय आहे: २५६ आकड्यांचा एक ठरलेला तक्ता दोन्हीकडे एकाच क्रमाने वाचला जातो. दैवसुद्धा दोघांचे एकच. प्रत्येक यंत्र आपापला खेळाडू कुठे उभा आहे ते दुसऱ्याला कळवीत राही, आणि दोन जगांत तफावत पडल्याचे ध्यानात येताच कार्यक्रम ‘कन्सिस्टन्सी फेल्युअर’ म्हणून खेळच संपवून टाकी.

याचा एक परिणाम मोठा मार्मिक होता. पलीकडची बातमी आल्याखेरीज अलीकडचे यंत्र पुढचा क्षण रचू शकत नसे. एका घरचा संगणक नवा आणि वेगवान, दुसऱ्याचा जुना आणि धापा टाकणारा असला, तर वेगवान यंत्राला थांबावे लागे. महागड्या यंत्राच्या मालकाला मित्राच्या चालीनेच चालणे भाग असे. त्याबद्दल तो कुरकुरत असेलही. पण दुसरा मार्ग नव्हता. मैत्रीतली समता सहसा स्वभावाच्या भरवशावर असते, इथे ती यंत्राच्या रचनेतच होती.

आणि हे सारे घडायचे तर आधी कुणीतरी आपला जड मॉनिटर पोटाशी धरून दुसऱ्याच्या दारात यायला हवे. मग टेबल रिकामे करणे आले. माउस एका पोर्टात असल्यामुळे तार दुसऱ्या पोर्टात, तिथल्या पंचवीस पिनांच्या खोबणीला वेगळा जोड शोधणे आले. तासभर तर यातच जाई. खेळ सुरू झाल्यावर मात्र पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघांना एकमेकांचा पडदा दिसत नसे. खुर्चीची करकर, रोखून धरलेला श्वास आणि मध्येच फुटलेले हसू मात्र ऐकू येई. पडद्यावरचा वैरी आणि पाठीमागचा मित्र एकाच वेळी हजर असत.

भारतात त्या काळी एका घरात एक संगणक असणे हेच अपूर्वाईचे. दोन आणून जोडण्याची चैन थोड्यांच्याच वाट्याला आली. पुण्या-मुंबईतल्या मुलांनी हा आनंद घेतला तो प्रामुख्याने २०००नंतर, सायबर कॅफेतल्या रांगेत, तासाचे पैसे मोजून.

तोवर मूळ रीत बदललीही होती. १९९६च्या ‘क्वेक’मध्ये जगाची अधिकृत प्रत एका मध्यवर्ती यंत्राकडे गेली, इतरांनी तिच्याकडून वार्ता घ्यायची. दूरचे, अनोळखी प्रतिस्पर्धी त्यामुळे शक्य झाले. मंद यंत्रासाठी इतरांनी थांबण्याचे कारण उरले नाही. घरगुती संगणकांवरून सीरियल पोर्टही यथाकाल नाहीसे झाले. जुने खेळ आज ‘डॉसबॉक्स’ नावाच्या कार्यक्रमात चालवले जातात. त्यात नल मोडेमचीही नक्कल आहे: इंटरनेटवरून जोडलेल्या दोन यंत्रांतल्या खेळांना ती भासवते की, आपल्यामध्ये अजून ती तार आहे.