सूर

गाण्यातला सूर आणि विहिरीत मारायचा सूर यांना आपल्या मराठीने एकच शब्द का दिला असावा, हे कोडे मला लहानपणापासून पडलेले आहे. आमच्या गावी पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेली पोरे विहिरीच्या काठावरून धडाधड सूर मारीत; पण गाऊ लागली की कान झाकून घ्यावेत! आणि भजनात जे सुरात गात, त्यांना घोटाभर पाण्याची भीती. दोन्ही सूर एका अंगी नांदलेले मी गावात तरी कधी पाहिले नाहीत. ते दिसले फार उशिरा, आणि तेही भाचीच्या मोबाइलवर.

या खेळाला पूर्वी सिंक्रोनाइज्ड स्विमिंग म्हणत. २०१७ साली त्याचे नाव बदलून कलात्मक जलतरण असे केले. नवे नाव बोलायला सोपे खरे, पण त्याने खेळ मात्र सोपा वाटू लागतो. वरून पाहावे तर आठ हसऱ्या मुली, केसांवर जिलेटिनचा चकचकीत थर, नाकाला चिमटा, आणि संगीताच्या तालावर पाण्यातून एकदम वर येणारे सोळा पाय. लग्नातल्या रांगोळीसारखे सगळे नेटके! पाण्याखालचा कॅमेरा लागला म्हणजे खरी गंमत कळते. तळाला पाय टेकायला परवानगी नाही. ताकातली रवी फिरावी तसे पाय सारखे फिरत असतात, म्हणून वरचे धड स्थिर राहते. एखादीला हवेत उडवायचे, तर बाकीच्यांनी पाण्यात तरंगतच जोर लावायचा. तालासाठी पाण्याखाली ध्वनिवर्धक बसवलेले असतात. आणि हे सारे श्वास कोंडून. वर येऊन धापा टाकण्याचीही सोय नाही. वर आले की हसायचे असते.

शरीरशास्त्राचे माझे ज्ञान मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे गेलेले नाही. पण धावणाऱ्याला जेव्हा जास्त हवा लागते, नेमका तेव्हाच हिने श्वास रोखायचा, हे अवघड आहे हे समजायला मॅट्रिकसुद्धा लागत नाही.

२२ जून २०२२ रोजी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची अनिता अल्वारेझ एकटीच्या अंतिम फेरीत उतरली होती. वय पंचवीस. आईही हाच खेळ खेळलेली. तिचा कार्यक्रम सुरेख पार पडला, संगीत थांबले, आणि ती वर येण्याऐवजी खाली जाऊ लागली. तिची शुद्ध हरपली होती. काठावर तिची प्रशिक्षक उभी होती, आंद्रेआ फुएन्तेस. ही मूळची स्पेनची; बीजिंग आणि लंडन या दोन ऑलिंपिकांत मिळून चार पदके मिळवलेली. जीवरक्षक होते, पण ते हलेनात. तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशीच या बाईने सूर मारला, थेट तळाकडे. तिने अनिताला कवेत घेतले आणि मागून उतरलेल्या एका गृहस्थाच्या मदतीने वर काढले. ते छायाचित्र जगभर छापून आले. निळ्या पाण्यात दोन बायका. एक सैल पडलेली, दुसरी तिला वर ओढणारी.

गंमत पाहा, आदल्या वर्षी, २०२१ साली, बार्सिलोनाच्या पात्रता स्पर्धेतही हेच घडले होते. तीच मुलगी, तीच शिक्षिका, तीच उडी. मी कादंबरीत असे दोनदा लिहिले असते, तर संपादकांनी ‘योगायोग फार झाले’ म्हणून दुसऱ्या प्रसंगाला कात्री लावली असती.

नंतर फुएन्तेसने सांगितले, की धावणारे, सायकल चालवणारेही शेवटच्या रेषेपाशी कोसळतात. आमचा खेळ त्याहून वेगळा नाही, फक्त तो पाण्यात चालतो. मला हे पटते, आणि पुरते पटतही नाही. मर्यादेपर्यंत ने, असे शिकवणारीही तीच ना? पण मग वाटते, जी मर्यादेपर्यंत नेते तिनेच काठावर डोळ्यांत तेल घालून उभे राहायला हवे. नुसती शिट्टी वाजवणारे पुष्कळ असतात.

शिट्टीवरून आठवले. काही वर्षांपूर्वी एका समारंभात माझ्या चाळीस मुली लेझीम घेऊन उन्हात उभ्या होत्या. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. ते मंचावर चढत असतानाच तिसऱ्या रांगेतली एक मुलगी डुलू लागली. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. धावत निघाले, पण माझ्या आधी पुढे उभी असलेली आमची नायिका, सातवीतली पोर, हातातले लेझीम टाकून, रांगा ओलांडून तिच्यापाशी पोचली आणि जमिनीवर पडण्याआधी तिला धरले. सावलीत नेले, पाणी पाजले. कार्यक्रम संपल्यावर एक संयोजक मला म्हणाले, “बाई, पाहुण्यांसमोर रांग मोडली हो तुमच्या मुलीने.” मी त्यांना काहीच उत्तर दिले नाही. पुढच्या वर्षी त्याच मुलीला पुन्हा पुढे उभे केले.

पण ते असो. बुडापेस्टमध्ये अनिताला सांघिक अंतिम फेरीतही उतरायचे होते. जागतिक संघटनेने परवानगी दिली नाही, आणि माझ्या मते ठीक केले. खेळ मात्र तिने सोडला नाही. २००८ नंतर अमेरिकेचा संघ सांघिक प्रकारासाठी ऑलिंपिकला पात्रच ठरला नव्हता. मधली सारी ऑलिंपिके अशीच कोरडी गेली. त्यातच २०२३ पासून गुणांची पद्धत बदलली: कोणत्या अवघड हालचाली करणार, हे आधी कागदावर लिहून द्यायचे, लिहिलेले पाण्यात उतरले नाही, तर त्या भागाचे गुण अगदी तळाला. आम्हां शिक्षकांना असा नियम लावला, तर किती वार्षिक नियोजने खरी ठरतील, कोण जाणे!

फेब्रुवारी २०२४ मध्ये दोहा येथे संघ पात्र ठरला. ऑगस्टमध्ये पॅरिसला आठजणी उतरल्या. अनिता त्यांतली सर्वांत वडील, तिचे हे तिसरे ऑलिंपिक. एका रचनेत तर पाण्यात डोके खाली, पाय वर करून त्यांनी मायकेल जॅक्सनची ती प्रसिद्ध मागे सरकणारी चाल केली. भाचीने ती मला चार वेळा दाखवली, आणि चारही वेळा मी म्हटले, “पुन्हा लाव गं.” तीन रचनांचे गुण मिळून चीन ९९६.१३८९ वर पहिला आला, अमेरिका ९१४.३४२१ वर दुसरी, स्पेन तिसरा. २००४ नंतरचे या खेळातले अमेरिकेचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक.

चांदीची पदके गळ्यात घालून आठजणी एका ओळीत उभ्या राहिल्या. फुएन्तेस त्या ओळीत नव्हती. ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकाला पदक देत नाहीत. त्याच वर्षी ती आपल्या स्पेनच्या संघाला शिकवायला परत गेली.