प्रिंटर बिघडत नाही, पत्ता बदलतो

घरातील संगणकाच्या पडद्यावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ अशी सूचना उमटली की प्रिंटर बंद पडला, असाच बहुतेकांचा समज होतो. वस्तुतः ही सूचना प्रिंटर देत नाही, संगणक देतो, आणि तिचा आशय एवढाच असतो की संगणकाने आपल्या नोंदीतील एका पत्त्यावर विचारणा केली व तेथून अपेक्षित उत्तर आले नाही. प्रिंटर त्या पत्त्यावरून दुसरीकडे गेला आहे, की जागेवरच असून केवळ त्या विशिष्ट प्रश्नाला उत्तर देत नाही, हे संगणकाला त्या क्षणी ठाऊक नसते. बिनतारी प्रिंटरच्या घरगुती तक्रारी बहुधा या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे चिघळतात, आणि तरीही दुरुस्तीची सुरुवात जवळजवळ नेहमी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यापासून होते. क्वचित तर विंडोजच नव्याने मारण्यापर्यंत मजल जाते.

नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता असतो व त्याला आयपी पत्ता म्हणतात. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांची व्यवस्था १९९६ मध्ये सध्याच्या स्वरूपात निश्चित झाली आणि तिच्यातील १९२.१६८ ने सुरू होणारी मालिका घरगुती राउटरांनी जवळजवळ सर्वत्र उचलली. हा पत्ता प्रिंटरच्या मालकीचा नसतो. राउटर तो मागणीनुसार आणि मुदतीने देतो, आणि या देवघेवीच्या पद्धतीला डीएचसीपी असे नाव आहे. लॉजमधील खोलीप्रमाणे तो मुदत वाढवून घेत राहिल्यास टिकतो, आणि मध्येच जाऊन परत आलेल्या पाहुण्याला तीच खोली मिळेल याची हमी नसते. महाराष्ट्रातील घरांत हे मध्येच जाणे फार वेळा घडते, कारण वीज जाते. अनेक घरगुती राउटर वाटलेल्या पत्त्यांची वही तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात, त्यामुळे वीज गेली की वही कोरी होते. वीज परत आल्यावर घरातील फोन, टीव्ही आणि लॅपटॉप आधी जोडले जातात व पत्ते घेऊन मोकळे होतात. सभ्य उपकरणे परत येताना आपला जुनाच पत्ता मागून पाहतात. सर्वच प्रिंटर तेवढे सभ्य नसतात.

याचा एक उपप्रकार स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. प्रिंटर काही सेकंदांत सुरू होतो, राउटर सज्ज व्हायला मात्र मिनिटे लागतात; दोघे एकाच वेळी चालू झाले तर प्रिंटर पत्ता मागतो तेव्हा द्यायला कोणीच नसते. अशा वेळी उपकरणाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच धारण करावा, असा संकेत आहे. प्रिंटरच्या पटलावरून काढलेल्या माहितीच्या पानावर हे आकडे दिसले, तर ‘राउटरकडून काहीही मिळालेले नाही’ असे निदान तेथेच पूर्ण होते आणि राउटर पूर्ण सुरू झाल्यावर प्रिंटर एकदा बंद करून चालू करणे पुरेसे ठरते. राउटर इन्व्हर्टरवर ठेवल्यास हा प्रसंगच टळतो. लेझर प्रिंटर मात्र संगणकाच्या छोट्या यूपीएसवर ठेवू नये, कारण शाईची भुकटी कागदावर वितळवून बसवणारा त्यातील तप्त रूळ सुरू होताना जो वीजप्रवाह ओढतो तो अशा यूपीएसला झेपत नाही.

आता ड्रायव्हर पुन्हा टाकण्याच्या उपायाकडे वळता येईल. हा उपाय चुकीचा आहे असे म्हटले की ‘पण त्याने प्रिंटर चालू झाला’ असे उत्तर मिळते आणि ते खरेही असते. नव्याने इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर नेटवर्कवर प्रिंटरचा नव्याने शोध घेते, त्याला नवा पत्ता सापडतो व तो नोंदवला जातो; म्हणजे गुण येतो तो पत्त्याच्या नोंदीने, आणि श्रेय जाते ड्रायव्हरला. पुढच्या वेळी वीज गेल्यावर पत्ता पुन्हा बदलतो, तंत्रज्ञ पुन्हा येतो, आणि संगणकात एकाच प्रिंटरच्या तीन-चार नोंदी साचतात, ज्यांपैकी कोणती जिवंत आहे हे घरातील कोणालाच सांगता येत नाही. ग्राहक तासभर चाललेल्या इन्स्टॉलेशनचे पैसे आनंदाने देतो. राउटरच्या पानावर दोन ओळी भरणाऱ्याला मात्र ‘एवढ्याचेच पैसे?’ असे ऐकावे लागते. या व्यवसायातील अर्धी कटुता येथून येते.

पत्ता स्थिर ठेवावा यावर जाणकारांचे दुमत नाही. तो कोठे स्थिर करावा यावर मात्र आहे, आणि हा वाद दिसतो तितका क्षुल्लक नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की प्रिंटरच्या सेटिंगमध्येच पत्ता हाताने भरावा, म्हणजे राउटरवर अवलंबून राहावे लागत नाही. दुसरा पक्ष सांगतो की प्रिंटरला नेहमीप्रमाणे पत्ता मागू द्यावा, पण राउटरमध्ये त्या प्रिंटरच्या मॅक पत्त्यासमोर, म्हणजे कारखान्यातच कोरलेल्या त्याच्या ओळखक्रमांकासमोर, एक आयपी पत्ता राखून ठेवावा. पहिली पद्धत झटपट असल्याने मैदानावर तीच लोकप्रिय आहे. तिच्यात दोन दोष आहेत. हाताने भरलेला पत्ता राउटर ज्या टप्प्यातून पत्ते वाटतो त्याच टप्प्यातील असेल, तर राउटर तो कधीतरी एखाद्या फोनलाही देऊन बसतो. मग एकाच पत्त्यावर दोन उपकरणे नांदू लागतात आणि प्रिंटर ‘कधी चालतो, कधी नाही’ अशी, निदानास सर्वांत त्रासदायक, तक्रार जन्माला येते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. फायबरची कंपनी बदलली की राउटर बदलतो आणि त्याबरोबर पत्त्यांची मालिकाही बदलू शकते. पूर्वीचे घर १९२.१६८.१ चे होते, नवे १९२.१६८.० चे झाले. नव्या वायफायला पूर्वीचेच नाव व पासवर्ड दिले असतील तर हाताने पत्ता भरलेला प्रिंटर वायफायला जोडलेला दिसतो, त्याचा दिवा शांतपणे जळत राहतो, पण तो जुन्या मालिकेत अडकून पडतो आणि त्याच्यापर्यंत कोणतेही काम पोहोचत नाही.

राउटरमधील राखीव नोंदीची पद्धत या दोन्ही दोषांपासून मुक्त आहे, कारण नवा राउटर आला तरी प्रिंटर निमूटपणे नवा पत्ता मागतो व निदान सापडण्याजोगा राहतो. तिच्या विरोधकांचा एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो: इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरचा प्रशासकीय पासवर्ड ग्राहकाला ठाऊक नसतो, काही ठिकाणी तो दिलाच जात नाही, आणि ज्या पानावर ही नोंद करायची ते पान उघडत नाही. अशा घरात पहिली पद्धत नाइलाजाने वापरावी, पण पत्ता वाटपाच्या टप्प्याबाहेरचा निवडावा. शिवाय ज्या प्रिंटरला केबलचीही सोय असते त्याला दोन मॅक पत्ते असतात, एक केबलसाठी व एक वायफायसाठी; माहितीच्या पानावर केबलचा बहुधा वर छापलेला असल्याने घाईत तोच राउटरमध्ये भरला जातो आणि मग ‘राखीव नोंद करूनही उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष तंत्रज्ञांच्याच तोंडून ऐकू येतो, याचे वाईट वाटते.

पत्ता बरोबर असूनही विंडोज प्रिंटरला ऑफलाइन ठरवते, अशीही परिस्थिती असते. पत्त्याने जोडलेल्या प्रिंटरची स्थिती विचारण्यासाठी विंडोज एसएनएमपी नावाची, मुळात नेटवर्कवरील यंत्रांच्या देखरेखीसाठी घडवलेली, पद्धत वापरते. प्रिंटरमध्ये ती बंद असेल तर प्रश्नाला उत्तर येत नाही आणि छापण्यास सज्ज असलेला प्रिंटर गैरहजर मांडला जातो. पोर्टच्या सेटिंगमधील एसएनएमपी स्थितीची खूण काढली की काम भागते.

एकाच घरात दोन नेटवर्क असणे ही गोष्ट आता अपवाद राहिलेली नाही. फायबरच्या कंपनीने बसवलेल्या पेटीत वायफाय असते, ते आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणला जातो, आणि तो केवळ पुढची चौकी म्हणून न लावता स्वतंत्र राउटर म्हणून लावला जातो. मग दिवाणखान्यातील प्रिंटर एका नेटवर्कात व अभ्यासाच्या खोलीतील लॅपटॉप दुसऱ्यात अशी फाळणी होते, आणि दोन्हीकडे इंटरनेट उत्तम चालत असल्याने ती कोणाच्या लक्षात येत नाही. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर प्रिंटर जोडला गेला तरी परिणाम हाच होतो, कारण उपकरणांना एकमेकांपासून दूर ठेवणे हाच त्या सोयीचा हेतू असतो. कचेरीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असल्यास घरचे नेटवर्क त्याला दिसेनासे होऊ शकते. २०२० नंतर घरून काम करणाऱ्यांनी या कारणाने बऱ्याच निर्दोष प्रिंटरांना दोष दिला आहे.

लहरींचा पट्टा हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. घरगुती वायफाय मुख्यतः २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिला भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. स्वस्त प्रिंटरांपैकी अनेकांना केवळ पहिलाच कळतो, म्हणून राउटरवर फक्त ५ चा पट्टा चालू असेल किंवा २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ ही सुरक्षापद्धत एकटीच निवडलेली असेल, तर असा प्रिंटर जोडलाच जात नाही. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या प्रिंटरबाबत आणखी एक अडचण संभवते: अमेरिकी बाजारासाठी घडवलेली उपकरणे २.४ च्या पट्ट्यातील १२ व १३ हे चॅनल सहसा वापरत नाहीत, भारतातील राउटर मात्र ते निवडू शकतो. नऊ इंची भिंत, स्लॅब आणि लोखंडी कपाट यांचा अडथळा खरा आहे, पण जो प्रिंटर काल त्याच जागी चालत होता त्याच्याबाबत भिंतीला दोष देण्यात अर्थ नसतो.

प्रिंटर आणि नेटवर्क यांचा संबंध जुना आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ च्या मे महिन्यात ज्या टिपणात इथरनेटची कल्पना मांडली, त्या कामामागील एक प्रेरणा गॅरी स्टार्कवेदर यांच्या लेझर प्रिंटरपर्यंत अनेक संगणकांना पोहोचता यावे ही होती. म्हणजे ज्या गरजेपोटी स्थानिक नेटवर्क घडले, तीच गरज अर्धशतकानंतर सातबाऱ्याचा उतारा किंवा परीक्षेचे हॉलतिकीट छापताना अडते, याला प्रगती म्हणावे काय, असा प्रश्न या क्षेत्रातील माणसाला पडल्यावाचून राहत नाही.

सामान्य वाचकाला कळेल असेच लिहावे, अशी संपादकांची अपेक्षा होती. ती येथवर कशीबशी पाळता आली, यापुढे ती पाळणे अवघड आहे, कारण फोनवरून छापण्याचा विषय ‘शोधा’शी जोडलेला आहे. फोनला प्रिंटरचा पत्ता दिलेला नसतो, तो २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर ‘येथे प्रिंटर कोण आहे?’ असा पुकारा करतो आणि जो प्रिंटर तो ऐकतो तो उत्तर देतो. स्टुअर्ट चेशायर यांच्या पुढाकाराने विकसित झालेली ही एमडीएनएस पद्धत ॲपलने २००२ मध्ये बाजारात आणली, २०१० मध्ये आलेल्या एअरप्रिंटचा पाया तीच आहे, आणि अँड्रॉइडवरील छपाईही तिच्याच आधाराने प्रिंटर शोधते. पद्धत देखणी आहे, पण वायफायवर सामूहिक पुकाऱ्याची पोच मिळत नाही: एका उपकरणाला उद्देशून पाठवलेला संदेश पोहोचला नाही तर तो पुन्हा पाठवला जातो, सर्वांना उद्देशून दिलेला पुकारा मात्र हवेत विरला तरी राउटरला ते कळत नाही.

त्यातच राउटरमध्ये आयजीएमपी स्नूपिंग नावाची एक काटकसर असते, जिच्यामुळे सामूहिक संदेश फक्त नोंदणी केलेल्या उपकरणांकडेच धाडले जातात. नोंदणीला दुजोरा मिळाला नाही तर ती प्रचलित मुदतीनुसार २६० सेकंदांनी रद्द होते. उपर्युक्त पत्ता ज्या गटात मोडतो त्याला ही काटकसर लावू नये, अशी शिफारस २००६ मध्येच लिहून ठेवलेली आहे. काही राउटर ती पाळत नाहीत.

अलीकडचे एक प्रकरण याच संदर्भात अनिर्णित राहिले आहे. एका सदनिकेतील प्रिंटर चालू केल्यावर फोनच्या यादीत दिसे आणि चार-पाच मिनिटांनी नाहीसा होई. लॅपटॉपवरून थेट पत्त्याने छपाई मात्र अखंड चाले. राउटर नोंदणी रद्द करतो हे एक स्पष्टीकरण होते, आणि निद्रावस्थेत गेलेला प्रिंटर पुकारे ऐकत नाही हे दुसरे. तो प्रिंटर पाच मिनिटांनी निद्रावस्थेत जात असे व त्या मॉडेलमध्ये ही मुदत बदलता येत नव्हती, तर राउटरमधील स्नूपिंग बंद करण्याचे पान इंटरनेट कंपनीने कुलूपबंद ठेवले होते, त्यामुळे दोन संशयितांना वेगळे करण्याचा मार्गच उरला नाही. दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकसेवेने दोष दुसरीकडे असल्याचे कळवले, आणि दोघींचेही म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नव्हते. कदाचित दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असतील. त्या घरातील अँड्रॉइड फोनमध्ये प्रिंटरचा पत्ता हाताने भरून देण्यात आला. आयफोनच्या यादीत तशी सोय नसल्याने त्यावरून छापायचे झाल्यास आधी प्रिंटर बंद करून चालू करावा लागतो, आणि हा उपाय घरच्यांना तंत्रज्ञ येण्यापूर्वीच माहीत होता.