थाई हॉटेल, जवळा आणि कलम १५(२)

हॉटेलात बसून जेवणे आज आपल्याला किरकोळ गोष्ट वाटते. संविधानकर्त्यांना ती तशी वाटली नव्हती. कलम १५(२) काढून वाचा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांतला प्रवेश आधी येतो. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते त्यानंतर. संविधान सभेत ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला तेव्हा बाबासाहेबांनी हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायला सांगितला. मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो.

हे कलम हवेतून आलेले नाही. आमच्या आंबेनळी घाटाखालच्या मुलखाने त्याची किंमत मोजली आहे. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठरावही होता, पण दोन्ही कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. त्यानंतर जमावाने मंडपावर हल्ला केला तेव्हा तिथे लोक जेवत होते. ते अन्न मातीत मिसळले गेले. आपण पाण्याची आठवण दरवर्षी काढतो. त्या सांडलेल्या अन्नाची काढत नाही.

संस्थेच्या कामासाठी मला मुंबईत जावे लागते. तिथे स्टेशनजवळच्या गल्लीत सहा टेबलांचे एक थाई हॉटेल आहे. पाचशे रुपयांत दोघांचे पोट भरते. मागच्या महिन्यात गावाकडचा चुलत भाऊ सोबत होता. पहिलाच घास घेऊन तो म्हणाला, “दादा, ह्यात आपला जवळा हाय!” त्याचे बरोबर होते. थाई स्वयंपाकात ‘कापी’ नावाचा गोळा घालतात. बारीक कोळंबी मिठात आंबवून तो करतात. तोच जवळा आपल्या डब्यातून ऑफिसात गेला की खिडक्या उघडल्या जातात. भाड्याने खोली बघायला गेलो की “नॉनव्हेज करता का?” या प्रश्नाआडून जात विचारली जाते. परदेशी नाव लागले की मात्र त्याच वासाचे पैसे मोजले जातात. म्हणजे अडचण वासाची कधीच नव्हती; तो कोणाच्या घरातून येतो, याची होती.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. भावाने हात जोडले. वाढणारा मुलगा दार्जिलिंगकडचा तमांग. “आप बुद्धिस्ट हो? मैं भी,” एवढेच म्हणून तो पाणी ठेवून गेला. आपल्याकडे ‘बौद्ध’ म्हटले की ऐकणारा मनात लगेच जात लिहून घेतो. त्या मुलाला त्या शब्दात फक्त धम्म ऐकू आला. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये आपल्याला जी ओळख दिली, ती तिच्या खऱ्या अर्थाने घेणारा माणूस असा हॉटेलात भेटावा, याचा मला आनंद झाला आणि थोडा रागही आला.

काही मित्र म्हणतील, “बघा, शहरात जात संपली.” नाही. हॉटेल फक्त बिल विचारते, ही मोठी मुक्ती आहे. पण ती तासाभराची. सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये सांगून ठेवले. खरा उपाय त्यांनी आंतरजातीय विवाहात पाहिला आणि मूळ शास्त्रांवरच्या श्रद्धेत. त्या टेबलावर शेजारी बसणारा घर भाड्याने देताना, मुलीचे स्थळ बघताना काय विचारतो, तिथे खरी परीक्षा आहे.

म्हणून तरुणांना दोन कामे सांगतो. आपल्या तालुक्यातल्या चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठे वेगळा कप, वेगळी पंगत आढळली, तर तारीख, जागा, साक्षीदार लिहून ठेवा आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करा. आणि ज्याला शक्य आहे त्याने स्वतः हॉटेल टाका. पाटीवर आपले आडनाव ठळक लिहा, जवळ्याचे कालवण मेनूत पहिले ठेवा. कोण आत येतो ते बघू.

जय भीम!