हसलेला अनारसा

कर्जतला गाडीतून उतरल्याबरोबर नातीने वडा मागितला आणि मी नको म्हणालो. वडा बटाट्याचा, वर बेसनाचे वेष्टण. त्यात वावगे ते काय, असे कोणीही विचारील. पण या सहा वर्षांच्या पोरीला गहू सोसत नाही आणि दुधाचा थेंब चालत नाही. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. मागल्या दिवाळीत घरच्या चिवड्याने हाच प्रसंग आणला. चिवड्यात गहू कुठला? डबी वाचली तेव्हा उलगडा झाला. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते!

म्हणून यंदाचा फराळ माहेरी, चौकला करायचा, असे आमच्या मंडळींनी ठरवले.

चौक जवळ आले तसा इर्शाळगडाचा सुळका दिसू लागला. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिकडे पाहताना गाडीतले बोलणे आपोआप थांबले. खाली मात्र खाचरे पिवळी झाली होती. हा सारा भाताचा मुलूख. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या वाणांना तर 'कर्जत' हेच आडनाव मिळाले आहे. उताराच्या वरकस जमिनीत नाचणी नि वरी. गहू इथला नव्हेच.

वहिनींना मी भीत भीत पथ्य सांगितले. "एवढंच ना, भावोजी?" त्या म्हणाल्या, "चकली भाजणीची, अनारसा तांदळाचा. त्यात गहू येतो कुठून?"

येतो गिरणीतून! आधीच्या दळणाची कणी पाळ्यांत राहते. हे ऐकल्यावर वहिनींनी पडवीतले जाते धुऊन वाळवले आणि पहिले दोन मुठी तांदूळ दळून ते पीठ गाईला घातले. तांदूळ ४ वाट्या, हरभऱ्याची डाळ २, मुगाची १, उडदाची १, शिवाय धने-जिरे. सगळे धुऊन, सावलीत वाळवून, निरनिराळे भाजलेले. मोहन कडकडीत तेलाचे, हिंगाच्या जागी ओवा. जाते ओढायला मी बसलो आणि दहा मिनिटांत उठलो, हे इथे सांगितलेच पाहिजे.

अनारशाचे पीठ वहिनींनी आधीच करून ठेवले होते. तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवायचे, निथळून फडक्यावर पसरायचे, ओलसर असतानाच उखळात कुटून बारीक चाळायचे आणि बरोबरीचा गूळ मिसळून गोळे डब्यात मुरू द्यायचे. थापताना दुधाऐवजी पिकल्या केळ्याचा हात लावला. खसखशीची बाजू वर ठेवून तळायचे ते तुपाऐवजी गोडेतेलात. शेंगदाणा आमच्या नातीला सोसतो. ज्याला सोसत नसेल त्याने दुसरे तेल घ्यावे.

पहिला अनारसा कढईत पडला आणि हसला. हसला म्हणजे विरघळून तेलभर पसरला. वहिनी हिरमुसल्या, नात मात्र टाळ्या पिटू लागली. वहिनींनी आच मंद केली, गोळ्यात चिमूटभर कोरडे तांदळाचे पीठ मळले, आणि दुसरा जाळीदार निघाला.

तो नातीने खाल्ला. डॉक्टरांनी दिलेले औषध माझ्या खिशात होते आणि माझा हात त्यावर. मंडळी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. कोणी काही बोलेना. एक तास गेला, दुसराही गेला. पोर अंगणात उड्या मारीत होती.

मग ती आत आली आणि ताटली पुढे करून म्हणाली, "मामीआजी, तो हसलेला पण द्या ना!"