भिंतीवरच्या आलेखाची गोष्ट

बऱ्हाणपूर

चि. सोनू,

गॅरेजच्या भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी तो लाटांचा कागद कसला, असं तू व्हिडिओ कॉलवर विचारलंस. ते फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तो आलेख केळी वाहणाऱ्या एका डिझेल पिकअपचा आहे. शाहपूरकडचा एक शेतकरी ऐन भराईच्या दिवसांत ती घेऊन आला. गाडी मिसिंग करायची, चढाला ओढायची नाही, सकाळी सुरू व्हायला दमवायची. एका ठिकाणी त्याला ‘फुल इंजिन करावं लागेल’ असं सांगून टाकलं होतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं! केळीचे भाव पडलेले असताना तो खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा होता.

मी पाना उचलला नाही. इंजेक्टरचा फ्यूज काढला, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. बॅटरीच्या जाड केबलला अँप क्लॅम्प लावला, तो ऑसिलोस्कोपला जोडला आणि सेल मारायला सांगितलं.

हा क्लॅम्प साधा नव्हे. साधा क्लॅम्प फक्त एसी मोजतो, बॅटरीचा करंट डीसी. त्यासाठी हॉल सेन्सर लागतो. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. सेल मारताक्षणी करंट काहीशे अँपिअरवर उसळतो, मग खाली येऊन लाटा सुरू होतात. पिस्टन हवा दाबतो तेव्हा सेलच्या मोटरवर भार येतो, ती मंदावते आणि जास्त करंट ओढते. दाब सुटला की करंट उतरतो. चार सिलिंडर, क्रँकचे दोन फेरे, चार लाटा. जिथे कॉम्प्रेशन उतरलंय तिथली लाट बुटकी.

कागद नीट बघ: तीन लाटा उंच, एक बुटकी. पण ती कुणाची? मी एक नंबरचा ग्लो प्लग काढून पुन्हा सेल मारला. त्या सिलिंडरची लाट नाहीशी झाली आणि बुटकी लाट नेमकी तिच्या पुढची निघाली. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे दोष तिसऱ्यात. हा क्रम आणखीही सांगतो: २ आणि ३ यांच्यामध्ये हेड गॅस्केट फुटलं असतं तर एकाआड एक लाट बुटकी दिसली असती.

मग तिसऱ्याचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून आत हवा सोडली. ती रेडिएटरमध्ये बुडबुडे काढते तर गॅस्केट, ऑइलच्या झाकणातून येते तर रिंगा, इनटेकमधून येते तर इनटेक व्हॉल्व्ह. इथे फुसफुस सायलेन्सरमधून आली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह आणि सीट केलं, गॅस्केट नवं टाकलं. खालच्या इंजिनाला हातही लावला नाही.

या तपासणीची मर्यादाही ध्यानात ठेव. ती एका सिलिंडरची दुसऱ्याशी तुलना करते. चारही सारखेच झिजले असतील तर लाटा एकसारख्या दिसतील आणि इंजिन मात्र थकलेलंच असेल. तिथे प्रेशर गेजच लावावा लागतो.

कामाला येणारी पोरं ‘हेड उतरवून बघू’ म्हणतात तेव्हा मी त्यांना त्या कागदासमोर उभं करतो. उघडून बघण्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात. आधी मोजायचं, मग खोलायचं. माझ्या मते हाच आपल्या धंद्याचा धर्म.

तू तिकडे इंजिनांची डिझाइन शिकतो आहेस, म्हणून एक मागणं. उद्या तुझ्या हातून एखादं इंजिन आखलं गेलं, तर ग्लो प्लगपर्यंत पाना आणि बॅटरीच्या केबलपर्यंत क्लॅम्प पोहोचेल एवढी जागा सोड. ते इंजिन कधीतरी बऱ्हाणपुरासारख्या गावात, रस्त्याकडेच्या गॅरेजातच दुरुस्त व्हायचं आहे.

तुझा,
मामा